साठ मिनिटांची कॅसेट

मिरजेहून शरावती एक्सप्रेसने म्हैसूरला आले तेव्हा बाकीचं सामान मुलाने उचललं, पण बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा मी हातातून सोडला नाही. त्या डब्यात माझ्या आईचा आवाज आहे. १९८८च्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने तिला जात्यापाशी बसवलं, शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरून घेतली. दळण गिरणीत जायला लागून तोवर कित्येक वर्षं झाली होती. जातं उरलं होतं ते लग्नाच्या हळदीपुरतं. पण खुंटा हातात आला आणि ओव्या एकीमागून एक येत गेल्या, जणू त्या तिच्या गळ्यात नव्हत्याच, हातात होत्या. पहिली बाजू संपता संपता ती थांबून विचारते, "हाय का सुरू अजून?" भावाचं उत्तर येण्याआधीच खटकन बटण उडाल्याचा आवाज. आईला जाऊन आता एकवीस वर्षं झाली.

हिनकल हे म्हैसूरच्या पश्चिमेला हुणसूर रस्त्यावरचं गाव. गाव म्हणायचं ते आता सवयीने. नन्नेश्वराच्या जुन्या देवळाच्या बाजूला अरुंद गल्ल्या आहेत, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आहेत, आणि चार पावलं बाहेर आलं की रिंगरोडचा उड्डाणपूल, त्याखालची वाहनांची रीघ आणि जिथे कधी नाचणी पिकत असेल तिथे उभ्या राहिलेल्या चार-चार मजली इमारती. त्यांतल्याच एका इमारतीत मुलाचं घर. नातू मला 'अज्जी' म्हणतो. कानडी की मराठी, हे त्याला ठाऊक नाही आणि मलाही त्याचं काही वाटत नाही. डबा ठेवायला कपाटात कोपरा मागितला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, जागेची काळजी आता कुणालाच उरलेली नाही. सगळं नखाएवढ्या कार्डात मावतं." तो कपाटातल्या जागेबद्दल बोलत नव्हता.

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि ते किती खरं आहे हे मी कागदावर मांडून पाहिलं. २००४ साली भावाने आमच्या घरातला पहिला पेनड्राईव्ह आणला. १२८ एमबीचा, दोन हजार रुपयांच्या आसपास. कॅसेटचा आवाज संगणकावर घेतला की तासाला साधारण ५८ एमबी लागतात, म्हणजे त्या पेनड्राईव्हमध्ये दोन तास मावत होते. आम्ही चारही भावंडं गणपतीत एकत्र जमलो होतो. दोन तासांत काय ठेवायचं यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. आईच्या ओव्या तर हव्याच होत्या. उरलेल्या तासात वडिलांचा हरिपाठ ठेवायचा, की थोरल्या बहिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं? हरिपाठ राहिला. आईची ती कॅसेट सांभाळायला आम्हाला तेव्हा नऊशे रुपयांची जागा विकत घ्यावी लागली. आज इथल्या दुकानात ६४ जीबीचा पेनड्राईव्ह पाचशेच्या आत मिळतो. त्यात अशा अकराशेहून अधिक कॅसेटी मावतील, रात्रंदिवस ऐकत बसलं तर ४६ दिवस पुरतील. एका कॅसेटीच्या वाट्याला पन्नास पैसेसुद्धा येत नाहीत.

पण त्या ४६ दिवसांत काय भरायचं, यावर कुणी रात्रभर बोलत बसत नाही. दोन तासांची जागा होती म्हणून चार भावंडं बसली. आई तेव्हा हयात होती, तिच्यासमोर तिच्या ओव्यांवर बोलणं झालं. त्या रात्रीची किंमत मी दोन हजारांत धरत नाही.

नातवाला शाळेत एक प्रकल्प मिळाला होता, पुढे माहिती कुठे आणि कितीला साठवली जाईल, असा काहीसा. त्याच्यासाठी म्हणून मी वाचायला लागले आणि मग स्वतःसाठीच वाचत राहिले. पेनड्राईव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलमधली जागा, हे सगळं ज्यावर चालतं ती फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिचा आज सर्वत्र वापरात असलेला नॅन्ड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. त्यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते, ते त्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखं वाटलं म्हणून. हे वाचून मी जरा वेळ पुस्तक मिटलं. ज्यावर आपण घरचे सगळे आवाज आणि चेहरे ठेवले, तिचं नाव जपण्यावरून पडलेलं नाही, पुसण्यावरून पडलेलं आहे.

तिचं काम कसं चालतं, हे मी नातवाला लोट्याच्या भाषेत सांगितलं. आत कोट्यवधी सूक्ष्म लोटे आहेत आणि त्यांत पाण्याऐवजी विजेचा भार कोंडलेला आहे. लोटा भरलेला की रिकामा, एवढंच पाहिलं तर एका लोट्यात एकच खूण मावते. जागा वाढवायची म्हणून मग लोट्याच्या आत रेघा मारल्या: पाव, अर्धा, पाऊण. आज स्वस्तातल्या मालात एकेका लोट्यात सोळा पातळ्या मोजतात आणि चार खुणा बसवतात. लोटा तोच, रेघा मात्र जवळजवळ आल्या. कोंडलेला भार कणाकणाने झिरपत असतो, उन्हाळ्यात अधिक. दोनच पातळ्या असतात तेव्हा थोडं झिरपलं तरी चालतं. सोळा असल्या की थोडक्या झिरपण्यानेही चाराचे तीन वाचले जातात. चुका दुरुस्त करणारं गणित आत असतंच, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणजे जो स्वस्तपणा आपण पाहतो त्यातला काही भाग टिकाऊपणातून काढलेला आहे. पेनड्राईव्ह भरून कपाटात दहा वर्षं ठेवला की तो तसाच सापडेल, असं त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

रेघा मारून झाल्यावर मजले चढवायला सुरुवात झाली. २०१३ साली सॅमसंगने २४ थरांची चिप बाजारात आणली, २०२४च्या अखेरीस एसके हायनिक्सने ३२१ थरांची. बाल्कनीतून बाहेर बघत मी नातवाला म्हटलं, अगदी आपल्या हिनकलसारखं बघ. जमीन वाढत नाही, मजले वाढतात. त्याला ते लगेच समजलं.

मग पुढची किंमत किती? इथे शहाण्यांचेही अंदाज चुकले आहेत. मार्क क्रायडर हे हार्ड डिस्कच्या विद्येतलं मोठं नाव, सीगेट कंपनीत तांत्रिक प्रमुख होते, पुढे प्राध्यापक. त्यांनी आणि चांग सू किम यांनी २००९ साली लिहिलं की प्रगतीचा वेग वर्षाला ४० टक्के असाच राहिला तर २०२० साली खिशात मावेल अशा अडीच इंची डिस्कमध्ये ४० टीबीहून अधिक मावेल आणि ती ४० डॉलरना मिळेल. २०२० आलं तेव्हा तशा डिस्कमध्ये ५ टीबी मावत होते आणि त्याला शंभरावर डॉलर पडत होते. अंदाज आठपटीने हुकला, आणि तो कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. मधल्या काळात चुंबकाचे कण आणखी बारीक करणं अवघड होत गेलं. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, डिस्क बनवणारे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव कडाडले. २०२५च्या अखेरीपासून पुन्हा मेमरीचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रं माल उचलू लागली. साठवणुकीचा भाव म्हणजे कांद्याच्या भावासारखा. दूरवर कुठे पाऊस पडला, कुठे मोठं गिऱ्हाईक उतरलं, की आपल्या पेठेत फरक पडतो.

तरीही मला वाटतं, नातू माझ्या वयाचा होईल तोवर जागा आजच्याहून कितीतरी स्वस्त झालेली असेल. कार्डांचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी २०१८ सालीच १२८ टीबीपर्यंतची वाट मोकळी करून ठेवली आहे. दुकानातली कार्डं अजून एक-दोन टीबीच्या आसपास आहेत, म्हणजे पान वाढून ठेवलंय, भात यायचा आहे. काचेच्या तुकड्यात लेसरने लिहिण्याचे प्रयोग चालू आहेत. डीएनएच्या रेणूत लिहिण्याचेही: २०१७ साली एका प्रयोगात दोन एमबी माहिती डीएनएत उतरवायला सात हजार डॉलर लागले आणि वाचायला दोन हजार. आज ते ऐकताना अशक्य वाटतं. १९५६ सालची आयबीएमची पहिली हार्ड डिस्कसुद्धा एक टनाहून जड होती आणि तिच्यात जेमतेम चार एमबी मावत होते.

माझं स्वतःचं नुकसान झालं ते मात्र स्वस्ताईतच. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन जाहिरात पाहून मी सातशे रुपयांना '२ टीबी'चा पेनड्राईव्ह मागवला. तो लावल्यावर संगणकानेही २ टीबीच दाखवले. मोठ्या हौसेने मी घरातलं सगळं त्यात हलवलं, फोटो, हरिपाठ, आईच्या ओव्या. आधीच्या प्रतींकडे पाहायचं कारण वाटलं नाही. तीन महिन्यांनी उघडला तर नावं सगळी जागच्या जागी आणि आत काहीच नाही. 'आई – ओव्या' असं नाव पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, त्यावर बोट ठेवलं की शांतता. मुलाने तपासून सांगितलं, आतली चिप होती ३२ जीबीची. तिला खोटं सांगायला शिकवलं होतं. भरली की ती जुन्यावरच नवं लिहीत राहायची. मग जुन्या प्रती शोधल्या. २००३ साली केलेली सीडी अडकून अडकून बंद पडली, तिच्यावरचा रंगाचा थर उडाला होता. २००४चा पेनड्राईव्ह आता कुठलाच संगणक ओळखेना. राहिली फक्त पत्र्याच्या डब्यातली मूळ कॅसेट, अडतीस वर्षांची.

ती वाजवायला टेपरेकॉर्डर नव्हता. हिनकलमध्ये मोबाइलच्या, झेरॉक्सच्या, बॅटरीच्या दुकानांत मी दुपारभर फिरले. "इल्ला अम्मा," एवढंच उत्तर. शेवटी म्हैसूर शहरात एक गृहस्थ सापडले, लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे. एका कॅसेटीचे तीनशे रुपये म्हणाले. पन्नास पैशांची जागा आणि तीनशे रुपये, हे माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं. ते म्हणाले, "अम्मा, जागेचे मी काहीच घेत नाही. बसण्याचे घेतो. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते."

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी लाकडी स्टुलावर तासभर बसले. त्यांनी आधी कॅसेटीचा फेल्टचा तुकडा बदलला, मशीनचं डोकं स्पिरिटच्या कापसाने पुसलं, फीत एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून सैल केली. मग जात्याची घरघर सुरू झाली. त्यांना मराठी येत नव्हतं. तरी मध्येच मान हलवून म्हणाले, आमच्याकडेही दळताना गातात, 'बीसुव पद' म्हणतात. "हाय का सुरू अजून?" आलं तेव्हा मी डोळ्यांना पदर लावला आणि त्यांनी पंख्याकडे बघायचं निमित्त केलं.

चिपेचे थर तीनशेचे हजार होतील. कार्ड तांदळाच्या दाण्याएवढं होईल. साठ मिनिटांच्या गाण्याजवळ कुणीतरी साठ मिनिटं बसायला हवं, ते काही कमी व्हायचं नाही.

आपल्याकडे हे बसणं कुणी केलं, तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. एक लाख! एकेक ओवी कुणाच्या तरी ओसरीवर, कुणाच्या तरी सवडीने. पुढे बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं, डॅट नावाच्या छोट्या डिजिटल फितींवर. १९८७ साली सोनीने आणलेली ही फीत तेव्हाची उत्तम गोष्ट होती. २००५ साली सोनीने तिची यंत्रं बनवणंच बंद केलं. त्या फिती तशाच कपाटात राहिल्या असत्या तर आज त्यांतल्या बायका गप्प असत्या. कुणीतरी बसून त्या उतरवल्या, शब्द जुळवले, गावाचं आणि गाणारणीचं नाव प्रत्येक ओवीपुढे लिहिलं. म्हणून २०१७ पासून ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहात त्या कुणालाही ऐकता येतात. मी हिनकलच्या बाल्कनीत बसून मुळशीच्या बायांचं गाणं ऐकते. या कामाचं मोल डिस्कच्या भावात कुठेच धरलेलं नसतं.

या प्रांताला तर हे हजार वर्षांपासून माहीत आहे. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या जैन श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या ताडपत्रावर एक हजार प्रती करवून वाटल्या. एक हजार वेळा कुणीतरी मांडी घालून बसलं आणि लेखणीने पानावर कोरत गेलं. याच म्हैसुरात १८९१ साली स्थापन झालेल्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली शामशास्त्रींना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी मिळाली, ग्रंथ लिपीत, ताडपत्रावर, आणि १९०९ साली ती छापून आली. कौटिल्याच्या हातचं पान अर्थातच कुठेच उरलेलं नव्हतं. इथल्या दमट हवेत ताडपत्र काही शतकं टिकतं. उरली होती प्रतीची प्रत, तिची प्रत.

आणि आपलं लीळाचरित्र? म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं त्यांना विचारून विचारून लिहिलेली ती पोथी धाडीत गेली. महानुभाव परंपरा सांगते की मग ती आठवणीतून पुन्हा उभी केली. हिराइसा नावाच्या बाईला लीळा पाठ होत्या. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आपल्या हाती आहे तो एका बाईच्या पाठांतरामुळेही. पाठभेद राहिले, ते राहणारच. पण ग्रंथ राहिला.

हुणसूर रस्त्यानेच म्हैसूरकडे निघालं की मानसगंगोत्रीपाशी भारतीय भाषा संस्थान लागतं, १९६९ सालचं. तिथे भारतातल्या भाषांचे लिहिलेले आणि बोललेले नमुने साठवतात, त्यांत मराठीही आहे. सकाळच्या फेरीला मुलगा कधी गाडीने तिकडे सोडतो तेव्हा मी त्या झाडांकडे बघत विचार करते, की एखाद्या भाषेचे किती जीबी होत असतील. पाहायला गेलं तर फारच थोडे. आपल्या एका घरातल्या लग्नाच्या व्हिडिओत सगळं लिखित लीळाचरित्र शेकडो वेळा मावेल. पण त्या व्हिडिओकडे दुसऱ्यांदा कुणी पाहिलं का, हे घरोघर ज्याचं त्याला ठाऊक.

मला याची चिंता आहे, आणि ती मी लपवत नाही. आमच्या घरच्या मोबाइलांत मिळून पन्नास हजारांवर फोटो आहेत. माझ्या आईचे आयुष्यभराचे फोटो आहेत चार. त्या चारांतला प्रत्येक कुठे काढला, कुणी काढला, तिने नेसलेलं लुगडं कुठलं, हे मला सांगता येतं. पन्नास हजारांतल्या दहांबद्दलही नातवाला सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पूर्वी गूगलवर फोटो कितीही ठेवा, फुकट होतं. १ जून २०२१ पासून ते थांबलं, ठरावीक जागेनंतर भाडं आलं. त्या वेळी मुलाने निवडानिवड करायला घेतली आणि दोन रविवारांत कंटाळून भाडंच भरायला सुरुवात केली. भाडं भरणं सोपं आहे. ज्या दिवशी भरणारा राहणार नाही त्या दिवसाचं काय, हे कुणी बोलत नाही. डबा निदान नातवाच्या हाती तरी लागेल.

म्हणून आता घरात मी एक रीत घातली आहे. दिवाळीच्या पाडव्याला वह्या-चोपड्यांचं पूजन होतं, त्याच दिवशी डिस्क बाहेर काढायची, लावायची, आतलं उघडून ऐकायचं आणि नव्या डिस्कवर उतरवायचं. नुसतं नाव बघायचं नाही, ऐकायचं. एक प्रत हिनकलला, एक मिरजेला भावाकडे, एक सातारला बहिणीकडे. कॅसेट डब्यातच आहे, फितीला गाठ पडू नये म्हणून वर्षातून एकदा फिरवून घ्यायची. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी असेल, तर ती यंदाच उतरवून घ्या. वाजवणारं यंत्र आणि यंत्राजवळ बसणारा माणूस, दोघेही अजून सापडतात.

ओव्या आता मी दोनशे पानी वहीत लिहून काढते आहे. नातू थांबवायचं बटण दाबतो, मी लिहिते, मग तो पुन्हा सोडतो. एका तासाच्या कॅसेटीला आम्हाला सात आठवडे लागले. ८३ ओव्या झाल्या. बयो, मैना, हरणी हे शब्द त्याने माझ्याकडून घेतले आणि परवा मित्राला कानडीत समजावून सांगत होता. दोन ओळी मात्र अजून लागलेल्या नाहीत. जात्याच्या घरघरीत एक शब्द बुडतो, आणि दुसरा ऐकू येतो पण कळत नाही. आईची धाकटी बहीण मिरजेत आहे, ८४ वर्षांची, कान अजून शाबूत. फोनवरून तिला नीट ऐकू येत नाही. पुढच्या महिन्याच्या शरावतीची दोन तिकिटं काढली आहेत, एक माझं, एक नातवाचं.